हवेत न गेलेला प्रशिक्षक

सासेबो
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

माननीय मुख्य प्रशिक्षक मित्सुताके तोमोकाझु यांस,

रविवार, २४ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून छप्पन्न मिनिटं. ही वेळ मी मैदानावरच्या मोठ्या घड्याळात पाहिली आहे, तेव्हा वेळेबद्दल वाद घालू नये. पत्राच्या सुरुवातीला थंडीची आणि पानगळीची विचारपूस करायची रीत आहे. आज मी ती पाळणार नाही. थंडी पडली आहे, पानं गळाली आहेत, पुढे चला.

वरील वेळी रेफ्रीने शेवटची शिट्टी वाजवली आणि आपला फुटबॉल क्लब इतक्या वर्षांनी एकदाचा वरच्या श्रेणीत चढला. सगळं मैदान उभं राहून रडत होतं. माझ्या शेजारचा मासळीवाला कोगा बायकोच्या मयतीलाही रडला नव्हता. तो माझ्या रुमालात नाक शिंकरत होता, आणि रुमाल अजून परत आलेला नाही. खेळाडू धावत तुमच्याकडे आले. जिंकल्यावर प्रशिक्षकाला सगळ्यांनी मिळून हवेत उडवायचं आणि झेलायचं, हे काय मी तुम्हाला शिकवायचं? कर्णधार हामागुची दोन्ही हात पुढे करून उभा होता. तुम्ही काय केलंत? तळहात दाखवलात. रस्त्यात जाहिरातीचे कागद वाटणाऱ्याला दाखवतात तसा. मान हलवलीत आणि आत चालते झालात. तेही सावकाश, मानपान राहिलेल्या व्याह्यासारखे.

हामागुचीचे हात तसेच पुढे राहिले. शेवटी त्या पोरांनी लाज राखायला सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या नागाताला उचललं. तो बिचारा वर जाताना आणि खाली येताना 'कंबर, माझी कंबर' एवढंच ओरडत होता. हा आपला विजयोत्सव.

बावीस वर्षं मी या क्लबच्या वसतिगृहात तुम्हा लोकांना रांधून वाढलं. गोतो बेटांवरून तुम्ही आलात तेव्हा अठरा वर्षांचे होतात, आणि तुमच्या पिशवीला सुक्या मासळीचा वास येत होता. ज्या वर्षी शेवटच्या मिनिटाला तुमच्याच डोक्याला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि बढती हुकली, त्या वर्षी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून म्हणाला होतात, "मावशी, एक दिवस आपण वर जाऊ. त्या दिवशी तुम्ही मला हवेत बघाल." मी थांबले. तुम्ही बचावात खेळलात, डोक्याने चेंडू परतवून परतवून कपाळाचं कातडं झिजवलंत, गुडघा गेल्यावर लहान पोरांना शिकवलंत, मग दुय्यम झालात, मग मुख्य. मी थांबलेच होते.

बसच्या रांगेत सगळे हळू आवाजात बोलत होते. "तोक्योच्या कुठल्यातरी क्लबचं बोलावणं असेल." "समजून घ्यायला हवं." या गावात कुणी कुणाला काही विचारत नाही, सगळे समजून घेतात. मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे सिस्टर आन्येस म्हणत, कळलं नाही तर हात वर करा, मान डोलावू नका.

मी हात वर केला आहे. का?

इवानागा सेत्सुको


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आदरणीय मावशी,

थंडी वाढते आहे. तुमचे सांधे कसे आहेत?

पाकिटावर 'माननीय' वाचलं आणि आत 'तुम्ही' वाचलं, तेव्हाच माझं काय होणार ते कळलं. वसतिगृहात तुम्ही ज्याला 'तुम्ही' म्हणायचात त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा भात मिळत नसे.

मी चुकलो. क्षमा असावी. खरं सांगायचं तर यश खेळाडूंचं आहे. घाम त्यांनी गाळला, मी बाकावर बसून होतो. अशा वेळी प्रशिक्षकाने मिरवू नये असं मला वाटलं, इतकंच. नागाता-सान तीस वर्षं आमचे बूट पुसत आले आहेत, त्यांचा मान झाला हे बरंच झालं.

तोक्योचं मला काहीच माहीत नाही. पुढच्या हंगामाबद्दल क्लबही अजून काही बोललेला नाही. जसं ठरेल तसं.

गोतोहून भाऊ संत्री पाठवतो, त्यातली एक पेटी तुमच्याकडे येईल. फोन करू नका, सध्या घरी नसतो.

तोमोकाझु


सोमवार, २ डिसेंबर

तोमो,

संत्री गोड आहेत, ती ठेवून घेतली. तू दिलेलं कारण आंबट आहे, ते परत पाठवते आहे.

बावीस वर्षांत मी पोरांच्या हजार थापा ऐकल्या. पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं प्रेम मोडलेलं असायचं आणि भूक नाही म्हणणारा बाहेर तळलेली कोंबडी खाऊन आलेला असायचा. तू तेव्हाही वाईट थाप मारायचास, कारण तू लगेच दुसऱ्याचं कौतुक करायला लागतोस. 'नागाता-सानचा मान झाला' म्हणे! नागाता आठवडाभर पाठीला पट्टा बांधून फिरतो आहे.

शिवाय तू पत्र लिहिलेलंच नाहीस. अक्षर कायोचं आहे. बायकोला पुढे करतोस? आणि पाकिटावर शिक्का नागासाकीचा. म्हणजे तू सासेबोत नाहीस. मोठ्या शहरात राहून मोठ्या लोकांशी बोलणी चालली आहेत, हे मला कळू नये असं वाटत असेल तर पाकीट इथे येऊन टाकायचं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

आता पुढचं ऐक. शनिवारी मी मुळ्याचं लोणचं घेऊन क्लबच्या कचेरीत गेले, दर डिसेंबरला जाते तशी. अध्यक्ष त्सुजिता स्वतः दारापर्यंत आले. मी तुझं नाव काढलं, तर ते असा आवाज बारीक करून बोलायला लागले की जणू शेजारच्या खोलीत तुझं प्रेत ठेवलं आहे.

"मित्सुताके-सानच्या भावनांचा आदर करायला हवा, इवानागा-सान."

"कसल्या भावना?"

"ते... आपण समजून आहोत."

मग मला एक चित्र दाखवलं. मिकावाचीच्या चिनीमातीच्या भट्टीत तुझ्यासाठी भलीमोठी पांढरी-निळी परात बनते आहे. मधोमध तुझं नाव, कडेने लाटा, खाली 'कृतज्ञतापूर्वक'. तिच्यात अख्खा ट्यूना मावेल.

म्हणजे तू जातोस हे अध्यक्षांना सांगितलंस, भट्टीवाल्याला सांगितलंस, आणि मला संत्री पाठवलीस. शाबास.

सेत्सुको


नागासाकी
शुक्रवार, ६ डिसेंबर

मावशी,

हेही कायोच लिहिते आहे. मी सांगतो आहे, तेही पालथं झोपून. आता सगळं सांगतो, फक्त कुणाला बोलू नका.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके दिसायला लागले. मग कडेला वीज चमकल्यासारखं. मला वाटलं जागरण. शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा वर यायला लागला, खराच पडदा, काळा. सरावात डावीकडचा बचावपटू त्यात बुडाला आणि मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत चालला होता. ते म्हणाले, आजच दाखल व्हा. मी म्हणालो, रविवारनंतर. ते संतापले. मग म्हणाले, "तुमचा डोळा, तुमची जबाबदारी. पण धक्का नको. उडी नको, ओरडणं नको, मान झटकणंसुद्धा नको. एक हिसका बसला तर उरलेलाही सुटेल."

उजव्या डोळ्याचं तुम्हाला माहीतच आहे. कोपर लागल्यापासून त्याने नुसता उजेड-अंधार कळतो. म्हणजे माझ्याकडे एकच डोळा आहे, आणि तो हा.

म्हणून मी पूर्ण सामना बाकावर बसून होतो. आणि मग पोरं धावत आली. हामागुचीचे हात दिसले. मावशी, मला जायचं होतं. पण मी वर गेलो असतो तर खाली आंधळा आलो असतो. आणि खरं कारण सांगितलं असतं तर तिथल्या तिथे सगळा आनंद विझला असता. पोरांनी जिंकलेल्या दिवशी माझ्या डोळ्याची काळजी करत घरी जायचं का? म्हणून हात दाखवला आणि निघालो. सावकाश चाललो कारण पायरी दिसत नव्हती.

सामन्यानंतरच्या मंगळवारी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरला आहे, तो पडदा दाबून धरतो म्हणे, त्यासाठी रात्रंदिवस तोंड जमिनीकडे ठेवायचं. नर्सना मी चपलांवरून ओळखतो. डॉक्टर शुक्रवारी तेरा तारखेला नीट तपासून सांगतील, पडदा चिकटला की नाही. नाही चिकटला तर पुन्हा चिरतील, पण मग फार आशा नाही.

(हे मी कायो लिहिते: त्यांना रात्री झोप लागत नाही. दिवसा विनोद करतात.)

क्लबला मी कळवलेलं नाही. पण त्यांना कळलं असणार. संघाच्या फिजिओची मेहुणी याच इस्पितळात कामाला आहे. कळल्याशिवाय का ते पुढच्या वर्षाबद्दल एक शब्द बोलत नाहीत? ज्याला मैदान दिसत नाही त्याला कोण ठेवेल? मला बोलावून 'जा' म्हणण्याऐवजी ते गप्प राहिले, माझी अब्रू राखली, याचे मी उपकारच मानतो. तुम्ही परातीचं लिहिलंत, म्हणजे ठरलंच. कडेला लाटा आहेत, गोतोच्या असतील. चांगलं केलं त्यांनी.

तोक्यो नाही, मावशी. मला सासेबो सोडून कुठेच जायचं नव्हतं.

तोमो


सासेबो
सोमवार, ९ डिसेंबर

तोमो,

पत्र वाचलं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले, आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. 'मानपान राहिलेल्या व्याह्यासारखा' हे मी तुझ्याबद्दल लिहिलं होतं. ते मी मागे घेते. बाकीचं घेत नाही, कारण तू तेव्हाच सांगायला हवं होतंस.

त्यानंतर मी प्रार्थनाघरात जाऊन आले. तेरा डिसेंबर हा संत लुसियाचा दिवस, आणि ती डोळ्यांची रखवालदार, हे आम्हाला सिस्टरनी घोकून घेतलं होतं. मी तिला अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. सरळ सांगितलं, की या माणसाने आयुष्यभर स्वतःचं डोकं मधे घालून दुसऱ्यांचं जाळं वाचवलं, आता जरा तू मधे पड.

तिथून थेट क्लबच्या कचेरीत. घाबरू नकोस, तुझ्या डोळ्याबद्दल अक्षर काढलं नाही. शब्द दिला की मी पाळते. मी फक्त प्रश्न विचारले, आणि जे झालं ते जसंच्या तसं देते, म्हणजे तुला कळेल की तू कुठल्या लोकांत राहतोस.

"त्सुजिता-सान, मित्सुताके जातो असं तुम्हाला म्हणाला?"

"तसं स्पष्ट नाही..."

"मग अस्पष्ट म्हणाला?"

"त्यांनी हवेत जायला नकार दिला ना! त्यातच आम्ही ओळखलं. 'तुम्हाला वर आणून सोडलं, इथून पुढे माझी वाट वेगळी,' असं त्यांना सुचवायचं होतं. किती सूक्ष्म माणूस! मग त्यांच्या तोंडून ते वदवून घेणं बरं दिसलं असतं का?"

"आणि त्याला राहायचं असेल तर?"

"तर ते म्हणाले असते."

"तुम्ही विचारलं असतंत तर म्हणाला असता."

"विचारलं की माणसावर दडपण येतं, इवानागा-सान."

तोमो, मी माझी पिशवी त्यांच्या टेबलावर आपटली. आत लोणच्याची रिकामी बरणी होती, ती वाजली.

म्हणजे कळलं ना? त्यांना तुझ्या डोळ्याचा पत्ताच नाही. फिजिओच्या मेहुणीने कुणाला काही सांगितलेलं नाही, ती भली बाई आपलं काम करते आहे. ते समजतात तू त्यांना सोडतो आहेस, म्हणून ते गप्प. तू समजतोस ते तुला काढताहेत, म्हणून तू गप्प. दोघंही एकमेकांच्या अब्रूला जपता आहात, आणि मधल्या मधे तुझी नोकरी चालली आहे. एका दारापाशी दोन माणसं एकमेकांना वाकून 'आपण आधी, आपण आधी' म्हणत राहिली आणि घरात कढई जळून गेली, त्यातला हा प्रकार.

गुरुवारी, एकोणीस तारखेला दुपारी दोन वाजता हिरोशिमाकडचा एक माणूस तुझ्या जागेसाठी भेटायला येतो आहे. त्सुजितांनी हे सांगताना डोळे पुसले. मी विचारलं, रडता कशाला? म्हणाले, "मित्सुताके-सानसारखा माणूस पुन्हा मिळणार नाही. त्यांनी एक शब्द टाकला असता तर ती परात मी माझ्या हाताने फोडली असती."

आधी डोळा. तेरा तारखेला कायोला लगेच लिहायला सांग.

सेत्सुको


नागासाकी
शुक्रवार, १३ डिसेंबर

मावशी,

चिकटला.

डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. मग म्हणाले, "मान वर करा." मी वर केली. वायूचा बुडबुडा अजून डोळ्यात डुगडुगतो, पाण्याच्या पातळीच्या वरून बघावं तसं दिसतं, पण कडेला पडदा नाही. त्यांच्या टायवर छोटी छोटी बदकं आहेत. मी मोजली म्हणून ते हसले. दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी नीट दिसेल, मैदानावर उभा राहायला हरकत नाही, फेब्रुवारीत हंगाम सुरू होईल तेव्हा बाकावर बसता येईल, असं म्हणाले. पळायचं नाही, चेंडू डोक्याने मारायचा नाही. मी म्हणालो, शेहेचाळिसाव्या वर्षी आता कोण मला मारायला सांगणार!

कायो बाहेर जाऊन रडली आणि परत येऊन म्हणाली, मला वाटलं तुम्ही जमिनीशीच संसार थाटलात.

हे पत्र माझ्या हातचं आहे, ओळी जरा चढल्या-उतरल्या असतील.

तुमचं क्लबबद्दलचं पत्र मी दोनदा वाचून घेतलं. हसू आलं. पण मावशी, आता काय करायचं? हिरोशिमाच्या माणसाला बोलावणं गेलं आहे. तो मनाची तयारी करून येईल. भट्टीवाल्याने परात भाजली असेल. आता मी उठून 'मला राहायचं आहे' म्हणालो तर त्सुजिता-सानची सगळ्यांपुढे पंचाईत होईल. त्यांना माझ्यामुळे शब्द फिरवावा लागेल. मला वाटतं, जे आपोआप ठरलं ते तसंच जाऊ द्यावं. डोळा वाचला, एवढं पुरे आहे. पोरांना नवा माणूस चांगला मिळो.

तोमो


सासेबो
रविवार, १५ डिसेंबर
(तातडीच्या टपालाने)

तोमो,

'चिकटला' हा एकच शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मग उभ्यानेच ओट्यापाशी भात खाल्ला, वर दोन अंडी. आठवड्यात पहिल्यांदाच जेवण गोड लागलं. कोगाला जिन्यात गाठून मी विनाकारण 'किती छान हवा आहे' म्हणाले, तर तो घाबरला आणि रुमाल धुऊन, इस्त्री करून परत देऊन गेला. लुसियाला मेणबत्ती लावली. डॉक्टरांना लोणचं पाठवते आहे, बदकांच्या टायवाल्यांना म्हणून पत्ता घालीन.

तुझ्या ओळी वाकड्या आहेत, पण वाचता येतात. तुझे विचार वाकडे आहेत आणि मला मुळीच वाचता आले नाहीत. 'आपोआप ठरलं' म्हणजे काय? आपोआप काहीही ठरलेलं नाही. एका माणसाने विचारलं नाही आणि एका माणसाने सांगितलं नाही, याला ठरणं म्हणत नाहीत.

तू त्सुजितांची पंचाईत बघतोस, हिरोशिमाच्या अनोळखी माणसाची मनाची तयारी बघतोस, भट्टीवाल्याची परात बघतोस. जे बघायला हवं ते ऐक. काल हामागुची माझ्याकडे आला होता. तांदळाची गोणी उचलून ठेवली, दिवा बदलून दिला, आणि दारात उभा राहून बूट घालता घालता म्हणाला, "मावशी, एक विचारू? त्यांना आमच्या हातांचा भरवसा वाटला नाही का?"

"म्हणजे?"

"आम्ही पाडू, असं वाटलं असेल. या वर्षी मी दोनदा कचरलो होतो, त्यांनी पाहिलं होतं. कर्णधाराचा हात पुढे असताना ते मागे सरले, म्हणजे... मला वाटतं मी दुसरा क्लब बघावा."

सत्तावीस वर्षांचा आडदांड गडी, बुटाची नाडी बांधता येईना त्याला. मी तुला शब्द दिला होता म्हणून इतकंच म्हणाले, "तुझ्या हातांत काही खोट नाही, गाढवा, नाडी बांध." पण तोमो, त्या दिवशी त्यांचा आनंद विझू नये म्हणून तू गप्प राहिलास आणि तेव्हापासून तो पोरगा रोज थोडा थोडा विझतो आहे. तुझ्या गप्प राहण्याने कुणाचीही काळजी वाचलेली नाही. ती फक्त चुकीच्या दारात जाऊन बसली आहे.

तेव्हा आता माझी मागणी. अध्यक्ष त्सुजिता यांना तू स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. त्यात दोन वाक्यं: माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळा वाचला, मला सासेबोतच राहायचं आहे. तिसरं वाक्य लिहायचं नाही. तिसऱ्या वाक्यात तू माफी मागायला लागशील आणि ते पुन्हा काहीतरी समजून घेतील. हामागुचीला वेगळं पत्र, त्याला वाटेल तेवढी वाक्यं लिही, पण हात का दाखवला ते पहिल्या ओळीत असू दे. हिरोशिमाच्या गृहस्थांना मी स्वतः स्टेशनवर उतरवून घेईन, पोटभर जेवू घालीन आणि परतीच्या गाडीत बसवीन. जेवण चांगलं असलं की माणूस फारसं मनाला लावून घेत नाही, हे मी बावीस वर्षं पाहिलं आहे.

अध्यक्षांना पाठवलेल्या पत्राची एक प्रत आणि 'दोन्ही पत्रं टाकली' असं तुझं लेखी उत्तर मला गुरुवार, १९ डिसेंबर रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या दारात हवं. फोन चालणार नाही. फोनवर तू नुसता 'हो, हो' म्हणतोस. 'विचार करून कळवतो' हे उत्तर नाही असंच धरलं जाईल. बारा वाजून गेले आणि टपालवाला रिकाम्या हाताने गेला, तर दोन वाजता मी त्या कचेरीत जाऊन, हिरोशिमाच्या माणसाच्या आणि तुझ्या अध्यक्षांच्या मधे बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगेन. माझा आवाज तू ऐकलेला आहेस.

उत्तराची वाट पाहते आहे.

इवानागा सेत्सुको